चारशे सतरा नंबरची ओवी

मित्रांनो, कोणीतरी फिरवल्याशिवाय मला बोलता येत नाही, ही माझी जन्माची अडचण आहे. मी गाण्याची एक जुनी तबकडी आहे. काळी, लाखेची, आकाराने साधारण पोळपाटाएवढी. अलीकडे मी कापडात गुंडाळलेली पडून असते आणि सुई माझ्या वाट्याला क्वचितच येते. पण आज मी सुईची वाट पाहणार नाही. जे सांगायचं आहे ते माझ्या गाण्यात नाहीच, ते माझ्या नशिबात आहे.

पळसाच्या आणि बोरीच्या फांद्यांवर बारीक किडे राहतात. ते अंगातून जी चिकट राळ सोडतात तिला लाख म्हणतात. त्या लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी घालून, तापवून, साच्यात दाबून आम्हाला घडवतात. माझ्या अंगावर पुष्कळ रेघा आहेत असं लोकांना वाटतं. तसं नाही. बाहेरून आत गोल गोल जाणारा एकच चर आहे आणि त्या चरात एका मुलीचा आवाज आहे. मी फक्त लाख, आवाज तिचा.

तिचं नाव जयवंता. ती मोहगावची. आईबाप लहानपणीच गेले, म्हणून मामांनी वाढवलेली. पहाटे दळायला बसली की ओव्या म्हणायची आणि शेजारच्या बाया आपलं जातं थांबवून ऐकायच्या. ती सोळाएक वर्षांची असताना कलकत्त्याहून एका कंपनीची माणसं यंत्र घेऊन नागपूरला आली. भाड्याच्या खोलीत भिंतींना रजया टांगून ती गाणाऱ्यांचे आवाज उतरवून घेत होती. मामा जयवंताला तिथे घेऊन गेले. बाहेर मोठमोठे गवई पान चघळत बसले होते आणि त्यांच्यात ही लुगड्यातली पोर, घाबरून मामांचं धोतर धरून उभी.

यंत्रावरच्या माणसाने बजावलं, "तीन मिनिटं. जास्त नाही." आता ओवीला मिनिटं काय ठाऊक? सुपातलं दळण संपतं तेव्हा ओवी संपते. शेवटी असं ठरलं की वेळ झाली की मामांनी तिचा खांदा दाबायचा. समोर जातं नव्हतं, तरी गाताना तिचा उजवा हात आपोआप गोल फिरत होता.

कापसाचं बोंड । उन्हात हसलं गं
माहेर माझं बाई । मागंच बसलं गं

सासर कसं असतं हे तिला कुठे माहीत होतं? पण बायांच्या तोंडून ऐकलेलं दुःख ती आपलंच असल्यासारखं गात होती. खोलीतली परकी माणसंसुद्धा पुढे सरकून ऐकू लागली. मग तिने पुढची ओवी उचलली, "निघाली गाडी बाई, वेशीच्या पल्याड गं", आणि मामांनी खांदा दाबला. ती तिथेच थांबली. ओवीचा दुसरा अर्धा भाग तिच्या तोंडातच राहिला.

त्या आवाजाची पहिली तबकडी निघाली ती माझी थोरली बहीण. तिला लाल कागद चिकटवला होता आणि नंबर दिला होता चारशे सतरा. साच्यातही तोच नंबर कोरला होता, म्हणून कागदाच्या कडेला लाखेतही तो बारीक उमटला. मित्रांनो, आमच्या जगात नंबराला फार मान. दुकानदार नंबराने मागवतो, कंपनी नंबराने पाठवते. गाणाऱ्याचं नाव असतं, पण ते शोभेपुरतं.

जयवंताचं पुढे लग्न झालं. पांढुर्ण्याचे भगवंतराव कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात कारकून होते. चांगलं इभ्रतीचं घर. लग्नात ताटात तांदूळ पसरले गेले, भगवंतरावांनी अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, आणि जयवंताची मनकर्णा झाली. त्या दिवसापासून तिला जुन्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही. मामाही पुढच्याच वर्षी वारले. सासूबाईंना सुनेच्या गाण्याची गोष्ट कळली तेव्हा त्यांनी एकदाच सांगितलं की, आपल्या घरची सून बाजात, म्हणजे ग्रामोफोनात, गायली होती हे उंबऱ्याबाहेर जायला नको. घरातल्यांनी ते ऐकलं. मग घरातही कोणी तो विषय काढेना.

भगवंतराव मात्र मनाने हळवे. त्यांनी गुपचूप नागपूरहून चारशे सतरा नंबर मागवला. घरात बाजा नव्हता. ते कधीमधी तबकडी मांडीवर घेत, बोटाने हळूच फिरवत आणि पुन्हा कपड्यांखाली ठेवून देत. त्यांची लेक विजया नुकती चालायला लागली होती तेव्हा मनकर्णा तापाने गेली. दहाव्या दिवशी सासूबाईंनी तिच्या बांगड्यांबरोबर ती तबकडीही जाम नदीत सोडली. दुष्टपणाने नाही हो. मेलेल्या माणसाचा आवाज घरात अडकला तर जीव मोकळा होत नाही असं त्यांना मनापासून वाटत होतं. सुनेचं भलं करायला गेल्या आणि नातीच्या वाट्याचं तेवढं एकच धन पाण्यात गेलं.

हे सगळं मला पुढे ऐकायला मिळालं. भगवंतरावांची बहीण नलिनी माझ्यासमोर बसून रडत रडत सांगत होती. ती बालविधवा, जन्मभर भावाच्याच घरी राहिली आणि मनकर्णा गेल्यावर विजयाला तिनेच वाढवलं. तिच्याविषयी पुढे येईलच.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या दुसऱ्या वर्षी भगवंतराव आजारी पडले ते उठलेच नाहीत. अखेरच्या दिवसांत त्यांनी विजयाला जवळ बसवलं. ती तेव्हा बारा वर्षांची होती.

"विजे, तुह्या आईचा आवाज हाय एका रेकॉर्डमधी. चारशे सतरा नंबर. इसरू नको."

"बाबा, नाव काय हाय तिच्यावर?"

भगवंतरावांनी मान वळवली. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तुम्हाला ठाऊक असेल. त्या घरात नवऱ्यानेही बायकोचं घ्यायचं नाही अशी रीत होती. आयुष्यभर ते तिला 'विजयाची आई' म्हणत आले. मनकर्णा हे नाव त्यांनी तांदळात लिहिलं, पण तोंडाने कधी उच्चारलं नाही. मग माहेरचं नाव तर लांबच राहिलं.

"नंबर सांगजो. नंबरानंच भेटते," एवढंच ते म्हणाले.

आईचं सासरचं नाव तिला ठाऊक होतं, पण माहेरच्या नावाच्या जागी त्या पोरीकडे एक आकडाच आला. तिने तो पाढ्यासारखा पाठ केला.

आता माझा जन्म. देश स्वतंत्र झाल्यावर कंपनीने जुने साचे बाहेर काढले. ज्यांतून पुन्हा चार पैसे निघतील असे निवडले. त्यात जयवंताचा साचा होता. त्याच साच्यातून, त्याच आवाजाची मी निघाले. पण जुना माल जुन्या नंबराने खपत नाही असा कंपनीचा हिशोब होता. मला हिरवा कागद चिकटवला, त्यावर छापलं: 'कुमारी जयवंता, जात्यावरच्या ओव्या', आणि नंबर दिला बावीसशे नऊ. नवं लुगडं नेसवल्यासारखं मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. अंगावर कडेला जुना चारशे सतरा तसाच होता, पण तो बघणार कोण?

पेटीत भुसा भरून मी आगगाडीने पांढुर्ण्याला आले. स्टेशनाजवळ पुंडलिकरावांचं रेडिओ आणि ग्रामोफोनचं दुकान होतं. पुंडलिकराव सरळ माणूस, डोक्यावर काळी टोपी, आणि अदबीचे भारी पक्के. बाजाराच्या दिवशी ते मला दुकानाच्या दारात वाजवायचे. सावरगावहून भाजी घेऊन आलेल्या बाया टोपल्या खाली ठेवून उभ्या राहायच्या. एक म्हातारी तर दर आठवड्याला यायची आणि पदराने डोळे पुसून म्हणायची, "कोणाची पोर हाय वो हे, काळजाले हात घालते." जामसांवलीच्या जत्रेत पुंडलिकरावांनी मला कर्ण्यावरही वाजवलं. काय मान होता तो! मी फुलून गेले होते. एका गोष्टीत मात्र पुंडलिकराव चुकत. सुई वेळेवर बदलत नसत. बोथट सुई माझा चर खरवडत होती आणि प्रत्येक कौतुकाबरोबर जयवंताचा आवाज थोडा थोडा झिजत होता.

अशाच एका बाजाराच्या दिवशी मी गात होते. दप्तर घेतलेली एक मुलगी दुकानाच्या पायरीवर आली. तिला पाहताच पुंडलिकरावांनी सुई उचलली. बाईमाणसाशी बोलताना बाजा चालू ठेवणं त्यांना उद्धटपणाचं वाटायचं.

"काकाजी, चारशे सतरा नंबरची रेकॉर्ड हाय का?" तिने विचारलं.

"कोणाची होय बेटा?"

"मनकर्णाबाईंची. नागपूरले भरली होती."

पुंडलिकरावांनी सगळे नंबर चाळले. नव्हता. त्यांनी नागपूरला विचारणा करतो म्हणून सांगितलं, मुलगी गेली, आणि मग त्यांनी सुई पुन्हा माझ्यावर टेकवली. ती तोवर रस्ता ओलांडून गेली होती. ती विजया होती. मला तेव्हा काही कळलं नाही. मला वाटलं, आली एक गिऱ्हाईक, गेली.

ती पुन्हा आली, आणि येत राहिली. शाळकरी होती ती मोठी झाली, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली, तरी दुकानावरून जाताना विचारल्याशिवाय राहायची नाही. नागपूरहून उत्तर आलं होतं.

"तो नंबर बंद झाला बाई," पुंडलिकराव दर वेळी हळहळून सांगायचे. "आता कंपनी काढूनच नाही राहिली."

"असू द्या काकाजी. कुठं जुन्यात दिसली तं माह्यासाठी ठेवजा."

आणि दर वेळी, मी वाजत असले तर, तिच्याशी बोलायला म्हणून ते सुई उचलायचे. मित्रांनो, एका भल्या माणसाच्या चांगल्या सवयीने एवढं नुकसान केलेलं मी दुसरं पाहिलं नाही. सगळ्या बाजाराने तिची आई ऐकली. ती आली की आई गप्प.

विजयाचं लग्न झालं. नवरा वसंत, मूळचा अमरावतीकडचा, सौंसरच्या तहसील कचेरीत नोकरीला. एव्हाना सिनेमाची गाणी आली होती आणि मी खालच्या फळीवर गेले होते. माझ्यावर धूळ बसली. एकदा विजया सौंसरहून आली आणि म्हणाली, "काकाजी, मी सोताच पाहू का एकडाव सगळ्या?" पुंडलिकरावांनी फळ्या मोकळ्या करून दिल्या. तिने एकेक तबकडी काढली. शेवटी मला हातात घेतलं. पदराने धूळ पुसली आणि कागदावरचं मोठ्याने वाचलं.

"जयवंता. हे कोण वो काकाजी?"

"काय माहीत बाई. असंन कोणी आपल्याइकडचीच. चांगली गाते. लावू का?"

तिच्या हातात तिच्या आईचं खरं नाव होतं. तिच्या तोंडून ते नाव निघालं होतं. मी लाखेची नसते तर ओरडले असते. तिने माझ्या कागदावरचा नंबर पाहिला.

"नको जी, मोटार सुटंन. मले माह्याच नंबराची पाह्यजे," असं म्हणून तिने मला सांभाळून परत फळीवर ठेवलं. इतक्या मायेने मला आजवर कोणी ठेवलं नव्हतं, आणि त्या ठेवण्याचं मला आजही दुःख होतं.

मग राज्यांची फेरमांडणी आली. विदर्भ मुंबई राज्यात जाणार आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहणार असं ठरलं. एका ताटात जेवणाऱ्या सोयऱ्यांची राज्यं वेगळी झाली. कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलायची तयारी चालली आणि नोकरदारांची वाटणी झाली. वसंतरावांचं नाव अमरावतीकडे लागलं. दिवाळीच्या थोडे दिवस आधी विजया शेवटची दुकानात आली. कडेवर तान्ही मुलगी होती.

"आम्ही चाललो काकाजी. आता काही इकडं येनं होत नाही लवकर."

"तुम्ही चालल्या तिकडं, अन् आम्ही राह्यलो इकडं," पुंडलिकराव म्हणाले. "पन मी पाह्यत राहीन बाई. भेटली तं पाठवतो."

ती उगीचच फळ्यांकडे पाहून हसली आणि गेली. त्या दिवशी दुकानात काहीच वाजत नव्हतं.

दिवाळीच्या साफसफाईला पुंडलिकरावांनी सगळा माल अंगणात काढला. मला फडक्याने पुसलं आणि ओरखडे किती पडलेत ते पाहायला उन्हात तिरपं धरलं. कागदाच्या कडेला लाखेत काहीतरी चमकलं. त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मग बोटाने एकेक आकडा चाचपत वाचला.

"चारशे सतरा," ते म्हणाले. "अरे माह्या देवा. हे तं घरातच होती."

त्यांनी बाजा सायकलवर बांधला, मला छातीशी धरलं आणि विजयाच्या आत्याचं घर गाठलं. नलिनीआत्या आत करंज्या लाटत होती. पुंडलिकरावांनी ओसरीवर मला लावलं. पहिली ओवी संपायच्या आत आत्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि खांबाला धरून उभी राहिली.

"हे तं वहिनी होय," ती म्हणाली. "पुंडलिकराव, हे आमची वहिनी होय!"

"पन याच्यावर तं जयवंता लिवलं हाय."

"तेच वो तिचं नाव! लगनाच्या आंधीचं."

पुंडलिकरावांना राहवलं नाही. "बाई, पोरगी इतके वर्सं नंबर इचारत फिरली. तुम्ही काहून नाही सांगितलं?"

"मले काय माहीत ते शोधून राह्यली म्हून? तिनं कधी शब्द नाही काढला." आत्या ओसरीवरच बसली. "आईनं सांगून ठेवलं होतं, या घरात त्या गान्याचं नाव काढाचं नाही. ते भेली असंन. अन् मीही भेली."

मित्रांनो, त्या दोघी वर्षानुवर्षं एका चुलीवर स्वयंपाक करत होत्या. एकीला नंबर ठाऊक होता, दुसरीला नाव. विजयाची आजी जाऊन कितीतरी काळ लोटला होता, तरी तिचा शब्द मोडायला दोघी घाबरल्या.

दिवाळी झाल्यावर आत्या मला घेऊन आगगाडीने अमरावतीला निघाली. मांडीवरून उतरू दिलं नाही तिने मला. पण नागपूरला गाडी बदलताना गर्दीत कोणाची तरी लोखंडी ट्रंक लागली आणि माझ्या कडेला तडा गेला. आत्याला ते कळलं नाही. मला कळलं.

विजयाच्या घरमालकांकडे बाजा होता. त्यांनी नवी सुई लावली. आत्याने तिला सगळं सांगितलं होतं. ती लेकीला मांडीवर घेऊन बाजासमोर बसली होती. मी जीव तोडून गायचा प्रयत्न केला. पण माझ्याजवळ उरलं होतं काय? तड्यावर सुई खट् खट् करत होती. चर झिजून गेला होता. खरखर मोठी आणि तिच्या मागे, लांबून, जयवंता.

विजयाने डोळे मिटले होते. ते उघडून तिने आत्याकडे पाहिलं.

"आत्या," ती म्हणाली, "हे तं माह्याहून लहान हाय वो."

आत्या तिच्याजवळ सरकली.

"मले वाटे, आईचा आवाज असंन. मोठ्या बाईसारखा. मले हाका मारंन असा." ती रडू लागली. "हे तं पोर हाय. भेलेली पोर हाय. हिलेच कोनी जवळ घ्याले पाह्यजे."

आणि तिने खरोखरच बाजावर हात ठेवला, लेकीच्या पाठीवर ठेवतात तसा. मी शेवटच्या ओवीपर्यंत आले. निघाली गाडी बाई, वेशीच्या पल्याड गं. तिथे मामांनी खांदा दाबला होता. तिथे मी थांबले.

"पुढं काय हाय आत्या?"

"रोज म्हने ते दळताना," नलिनीआत्या डोळ्यांना पदर लावून म्हणाली. "रोज. मी बाजूलेच बसली राहो. पन म्या ध्यान नाही देल्लं वो विजे. मले वाटे, हाय ना वहिनी, म्हनतेच रोज."

त्या संध्याकाळी विजयाने मला पुन्हा पुन्हा ऐकलं. मग घरमालकांनी सांगितलं की दर फेऱ्याला आवाज थोडा खरवडला जातो. तिने हात मागे घेतला. मला कापडात गुंडाळलं आणि ठेवून दिलं. आईला जपायचं तर आईला ऐकायचं नाही, असं तिच्या नशिबी आलं.

म्हणून मित्रांनो, या फुटक्या तबकडीचं एवढं मनावर घ्या. एखादी वस्तू कागदावरच्या नंबरावरून परत ठेवू नका, एकदा ऐकून पाहा. ज्यांच्याबद्दल घरात बोलायचं नाही असं मोठ्यांनी ठरवलं असेल, त्यांच्याबद्दल धीर करून विचारा. आज घरी जाल तेव्हा आईला तिचं माहेरचं नाव विचारा आणि ते एकदा मोठ्याने म्हणा. ती काम करताना काही गुणगुणत असली तर हातातलं टाकून शेजारी बसा आणि शेवटपर्यंत ऐका. विजया अजून भेटेल त्या म्हाताऱ्या बाईला विचारते की वेशीच्या पल्याड गेलेल्या गाडीची ओवी तुम्हाला पुरी येते का. कोणालाच येत नाही. ती जयवंताची स्वतःची होती, आणि तिचा दुसरा अर्धा भाग माझ्याकडेही नाही.